यंत्र हाक मारतं, पण उठतं कोण?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय चाळिशीच्या आसपास. नोकरी घरून. बायकोची नोकरी बाहेर. घरात सत्तरी ओलांडलेली आई आणि नऊ वर्षांची मुलगी. गेल्या वर्षभरात या वाचकाने सुट्टीच्या दिवशी खपून घरभर आवाजावर चालणारी यंत्रणा बसवली. दिवे, पंखे, पाणी तापवायचा हीटर, किराण्याची यादी, आईच्या औषधांची आणि मुलीच्या शाळेच्या सामानाची आठवण, कचरा बाहेर ठेवायची वेळ. कपड्यांचं मशीन थांबलं की सगळ्या खोल्यांत घोषणा होते. आईच्या खोलीतही स्पीकर आहे, म्हणजे बाहेर असताना तिने फोन उचलायची वाट न बघता थेट बोलता येतं. ‘घरकामात पुरुषाने वाटा उचलावा असं सगळे म्हणतात. मी तो माझ्या पद्धतीने उचलला,’ असं ते लिहितात.

घरात मात्र नाराजी आहे. बायको परवा म्हणाली, ‘घरात एक माणूस वाढलाय, तो फक्त कामं सांगतो, करत काहीच नाही.’ आई स्पीकरवर रुमाल टाकते, कधी प्लगच काढून ठेवते. तिचं म्हणणं, घरातलं बोलणं बाहेर जातं. खूश आहे ती फक्त मुलगी, पण ती बटणाशेजारी उभी राहूनही हुकूम सोडते. वाचकाचे प्रश्न असे: दोघींना फायदे कसे पटवून द्यावेत? नसेलच पटत तर सगळं काढून टाकावं का? आणि मग वर्षभराची मेहनत फुकट गेली असं समजायचं का?

उत्तर:

पटवून कसं द्यावं, हे मी सांगणार नाही. पटवायला निघालेल्या माणसाने आधीच ठरवलेलं असतं की समोरच्याला काही कळलेलं नाही. तुमच्या घरातल्या दोघींना बरंच कळलंय. त्यांना ते तुमच्या भाषेत मांडता येत नाही, एवढंच. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. सुट्टीच्या दिवशी वायरी जोडत बसणारा नवरा आणि लोळत पडणारा नवरा यांत फरक आहेच. पण तुम्ही वाटा उचललात म्हणता, तो नेमका कशातला, हे आधी बघू.

कपड्यांच्या घोषणेपासूनच सुरुवात करू. संध्याकाळ आहे. मशीन थांबलं, सगळ्या खोल्यांत आवाज घुमला: कपडे धुऊन झाले. तुम्ही कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. आईला ओल्या कपड्यांची बादली उचलवत नाही. मुलगी नऊ वर्षांची. मग ही घोषणा होती कुणासाठी? यंत्राने कुणाचंच नाव घेतलं नाही, पण उठायचं कुणी हे घरात प्रत्येकाला माहीत आहे. आधी मशीन थांबल्याचं तुमच्या बायकोला दहा मिनिटं उशिरा कळलं तर काही बिघडत नव्हतं. बाहेरून आल्यावर तेवढी दहा मिनिटं तिला टेकता येत होतं. आता तीही गेली. वर घोषणा सगळ्यांनी ऐकलेली असल्याने ‘कपडे अजून आतच?’ असं विचारायला सगळे मोकळे. ‘तो फक्त कामं सांगतो’ असं ती म्हणाली, त्यात मला टोमणा दिसत नाही. जे घडतंय त्याचं ते अगदी नेमकं वर्णन आहे.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ साली जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. घर चालवण्यात डोक्याचं जे काम असतं, त्याचे त्यांनी चार टप्पे पाडले. काय लागणार आहे हे आधीच ओळखणं, ते भागवायचे पर्याय शोधणं, त्यातला एक ठरवणं आणि ठरल्याप्रमाणे झालं की नाही यावर डोळा ठेवणं. ठरवण्याच्या टप्प्यावर नवरा-बायको बऱ्यापैकी बरोबरीने असतात, पण आधीचं ओळखणं आणि नंतरचं लक्ष ठेवणं प्रामुख्याने बाईच्या वाट्याला येतं, असं त्यांना दिसलं.

आता तुमची किराण्याची यादी या चार टप्प्यांवर ठेवून बघा. साबण संपत आलाय हे कुणाच्या नजरेला पडलं? अंगाचा की कपड्यांचा, कुठला, किती, मागच्या वेळचा आईच्या अंगाला चालला नव्हता म्हणून या वेळी दुसरा, हे सगळं कुणाच्या डोक्यात आहे? सामान आल्यावर ते उघडून, चुकलेलं बाजूला काढून परत कोण पाठवतं? ‘साबण यादीत घाल’ एवढे तीन शब्द यंत्राने टिपून घेतले. ते तीन शब्द आधी कागदावर लिहायलाही फार कष्ट पडत नव्हते. त्यांच्या अलीकडचं आणि पलीकडचं काम जागच्या जागी आहे, आणि ते ज्याच्याकडे होतं त्याच्याचकडे आहे.

आठवणींचंही तेच. मुलीच्या शाळेच्या सामानाचं वेळापत्रक तुम्ही यंत्रात भरलंत. ते तुम्हाला कुठून मिळालं? माझा अंदाज आहे की बायकोला विचारून. ती सांगत गेली, तुम्ही बोलत गेलात. पुढच्या महिन्यात शाळेने चित्रकलेचा वार बदलला की काय होणार? यंत्र बिचारं जुन्याच वारी ओरडत राहणार. ते खोटं बोलतंय हे तिने ओळखायचं, तुम्हाला सांगायचं, आणि तुम्हाला वेळ मिळेपर्यंत चुकीची घोषणा ऐकत बसायची. म्हणजे तिच्या डोक्यातलं ओझं कमी झालंच नाही, उलट यंत्राच्या चुका सांभाळायचं एक नवं काम त्यात पडलं. तुम्ही घरी नसताना दिवा ऐकेनासा झाला, राउटर बंद पडला, स्पीकरने भलतंच ऐकून पंखा चालू केला, तर निस्तरतं कोण तेही एकदा विचारून बघा. ॲप तुमच्या फोनमध्ये, पासवर्ड तुमच्या डोक्यात, आणि अंधारात उभी ती.

हे काही तुमच्याच घरात पहिल्यांदा घडत नाहीये. घरकामाच्या इतिहासाचे अभ्यासक बऱ्याच काळापासून सांगत आलेत की कपडे धुण्याचं यंत्र आलं, धूळ ओढणारं यंत्र आलं, तेव्हा अंगमेहनत घटली, पण गृहिणीचे तास त्या प्रमाणात घटले नाहीत. कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले, फरशी जास्त स्वच्छ असावी अशी अपेक्षा वाढली, आणि आधी घरातली इतर माणसं किंवा बाहेरचं कुणी करायचं ती कामंही ‘आता यंत्र आहे ना’ म्हणून एकटीवर आली. तुमच्या यंत्रणेत तर अंगमेहनतही वाचलेली नाही. दिव्याचं बटण दाबायला जेवढे कष्ट पडतात, तेवढेच वाचलेत.

मग सगळं काढून टाकायचं का? नाही. या यंत्रांवर सरसकट रागावणं मला पटत नाही. हात ओले किंवा गुंतलेले असताना ‘वीस मिनिटांनी सांग’ म्हणता येणं ही खरोखर सोय आहे. ज्याला दिसत नाही, ज्याची बोटं आखडलेली आहेत, जो पलंगावरून उठू शकत नाही, त्याला स्वतःच्या हुकमाने दिवा लावता येणं ही निव्वळ चैन नाही. त्यामुळे एकेका माणसाची दर वेळी दुसऱ्याला हाक मारायची लाचारी संपते. पण हा फायदा कुठे होतो ते बघा: ज्याला गरज आहे तोच बोलतो आणि त्याचंच काम होतं. तुमच्या घरात एकाने ठरवलं, यंत्र बोललं आणि काम तिसऱ्याने केलं. घोळ तिथे आहे.

आवाज हे माध्यमही घरासाठी तसं अवघडच. फोनवर आलेली सूचना ज्याची त्याला दिसते. मोठ्याने सांगितलेली गोष्ट झोपलेल्यालाही ऐकू जाते, अभ्यास करणाऱ्यालाही आणि दारात आलेल्या पाहुण्यालाही. ‘औषधाची वेळ झाली’ हे तुमच्या आईला चारचौघांत ऐकायला आवडतं का, हे तुम्ही तिला विचारलंत? आता आईकडेच वळू.

पत्रात तुम्ही आईच्या रुमालाचा उल्लेख गमतीने केलाय. मला त्यात गंमत वाटली नाही. ‘घरातलं बोलणं बाहेर जातं’ हे तिचं म्हणणं तपशिलात चुकीचं असेल, मूळ मुद्द्यात चूक नाही. हे स्पीकर ठरलेल्या हाकेची वाट बघत असतात. ती हाक ओळखण्याचं काम यंत्राच्या आतच होतं. हाक ऐकू आली की पुढचं बोलणं सहसा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातं, तिथे त्याचा अर्थ लावला जातो आणि हुकूम परत येतो. म्हणजे दिवसभराचं सगळं बोलणं बाहेर जात नाही. पण यंत्राला हाक मारल्याचा भास होतो, आणि तो वरचेवर होतो. मे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातल्या एका जोडप्याचं लाकडी फरशीबद्दलचं घरगुती बोलणं ॲमेझॉनच्या अलेक्सा या आवाजी साहाय्यकाने टिपून नवऱ्याच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाला पाठवून दिलं. मधले शब्द हुकूम म्हणून ऐकले गेले, असा खुलासा कंपनीने केला. एप्रिल २०१९ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने बातमी दिली की ॲमेझॉनकडे काम करणारी माणसं अलेक्साच्या काही ध्वनिफिती ऐकून लिहून काढतात. त्याच वर्षी गूगल आणि ॲपलबद्दलही तसंच उघड झालं, आणि ॲपलने पुढे ग्राहकाच्या होकाराशिवाय ध्वनिफिती ठेवणं थांबवलं. मार्च २०२५ मध्ये तर ॲमेझॉनने काही मोजक्या मॉडेलांवर असलेली ‘आवाज बाहेर पाठवू नका’ ही सोयच काढून घेतली. हे सगळं आईला माहीत असायचं कारण नाही. तिने अंदाजाने रुमाल टाकला. रुमालाने आवाज अडत नाही, हे मात्र तिला सांगा, आणि माइक बंद करायचं बटण स्पीकरवर कुठे आहे ते दाखवा.

पण माझा संशय असा की आईची खरी तक्रार कंपनीबद्दल नाहीच. ती तुमच्याबद्दल आहे. न उचलता जोडली जाणारी सोय तुम्ही तिच्या खोलीत ठेवलीत. म्हणजे ती पडलेली असेल, देवाचं म्हणत असेल, कुणाशी फोनवर मनातलं बोलत असेल, कपडे बदलत असेल, आणि एकदम एक सूर वाजून मुलाचा आवाज खोलीत येतो. तुम्ही त्याला विचारपूस म्हणता. दार न वाजवता खोलीत शिरणं तुम्ही कधी केलं नसतं. हे त्याहून वेगळं कसं, ते मला सांगता येणार नाही. तिच्या पडण्याची, आजारपणाची काळजी असेल तर ती खरी आहे आणि त्यावर उपाय हवाच, पण तो उलट्या दिशेने ठेवा. तिने एका शब्दात तुम्हाला हाक मारावी आणि तुमच्या फोनवर रिंग वाजावी. तुम्हाला तिच्याशी बोलायचं असेल तर साधा फोन करा, आणि तिने नाही उचलला तर थोड्या वेळाने पुन्हा करा. एखाद्या ठरावीक वेळी तिने उचललाच नाही तर काय करायचं, शेजारी कुणाला सांगायचं, हे तिच्यासमोर बसून ठरवा. न उचलता जोडली जाण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. ते आजच करा, आणि केल्याचं तिला सांगा.

औषधांच्या बाबतीत ती म्हणेल तसं. तिला कदाचित कप्प्याकप्प्यांची डबी आणि स्वतःच्या मोबाइलचा गजर पुरेसा असेल. यंत्राचा एक मोठा दोषही इथे लक्षात घ्या: गोळी घ्यायची आठवण ते देतं, घेतली की नाही ते त्याला कळत नाही. ‘हो, घेतली’ असं म्हटलं की ते गप्प बसतं, आणि तिथून काम पुन्हा कुणाच्या तरी डोळ्यांवर येतं. ते डोळे तुमचे असू शकतात.

तुमच्या पत्रात एक ओळ होती की आईला ‘नीट हुकूम देता येत नाही’. वय झालेली माणसं मध्ये थांबून बोलतात, वाक्य मोडून पुन्हा जुळवतात. यंत्र त्या थांबण्याला वाक्याचा शेवट समजतं. आवाज ओळखणारी यंत्रं सगळ्यांना सारखी ओळखत नाहीत, हे मोजून बघितलं गेलंय. २०२० साली अमेरिकेत ॲपल, ॲमेझॉन, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या बोलणाऱ्यांच्या दर १०० शब्दांत सरासरी १९ चुका झाल्या, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. यंत्राला ज्या बोलीवर शिकवलं, ती त्याला कळते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या भाषेत, तीनदा तेच सांगूनही यंत्र ‘समजलं नाही’ म्हणत असेल आणि नात मागून खुदकन हसत असेल, तर प्लग काढणारी बाई मला हट्टी वाटत नाही.

मुलीबद्दल थोडक्यात. हुकूम सोडण्याची सवय लागेल या भीतीने २०१८ साली ॲमेझॉन आणि गूगल या दोघांनीही ‘कृपया’ म्हणणाऱ्या मुलांना शाबासकी देणारी सोय आणली होती. मला ती थोडी हास्यास्पद वाटते. यंत्राला कृपया म्हणावं की नाही, हा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीला सोडवू द्या. त्यापेक्षा खरेदीला पिन क्रमांक लावा. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत सहा वर्षांच्या एका मुलीने अलेक्साशी बोलता बोलता बाहुलीचं घर मागवलं. त्याची बातमी सांगताना दूरचित्रवाणीवरच्या निवेदकाने तेच वाक्य उच्चारलं, आणि काही प्रेक्षकांच्या घरातले स्पीकरही ऑर्डर द्यायच्या खटपटीला लागले. डिसेंबर २०२१ मधली गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. दहा वर्षांच्या मुलीने खेळायला काहीतरी आव्हान दे म्हटलं, तर अर्धवट खोचलेल्या चार्जरच्या पिनांना नाणं लाव असं अलेक्साने सुचवलं. आई शेजारी होती म्हणून निभावलं. कंपनीने ती चूक दुरुस्त केली, पण मुलीच्या झोपण्याच्या खोलीत हे यंत्र नको, एवढं त्यातून मी घेईन. मुलांच्या ध्वनिफिती बेमुदत साठवल्याच्या आरोपावरून ॲमेझॉनने २०२३ साली अमेरिकेत अडीच कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. तेव्हा मुलीसाठी वेगळं बालखातं ठेवा आणि जुनं ध्वनिमुद्रण ठरावीक मुदतीने आपोआप पुसलं जाईल असं सेटिंग करा. ती सोय ॲपमध्ये असते. आधी सगळ्यांनी बसून जुनं मुद्रण एकदा ऐका मात्र. काय काय टिपलं गेलंय ते ऐकल्यावर घरातली चर्चा आपोआप वेगळ्या पातळीवर जाते.

आता यंत्रणेचं काय करायचं ते. तुम्ही तांत्रिक माणूस दिसता, त्यामुळे काही गोष्टी तुम्हाला माहीत असतील. पण असंच पत्र लिहू शकतील असे बरेच वाचक आहेत, म्हणून सांगते.

भिंतीवरचं बटण कधीही निकामी करू नका. स्मार्ट बल्ब बसवला की कुणीतरी सवयीने बटण बंद करतं, बल्बची वीजच जाते आणि मग तो कुणाचंच ऐकत नाही. त्यावरून घराघरांत ‘बटणाला हात लावू नका’ अशा चिठ्ठ्या चिकटतात. ज्या घरात दिव्याच्या बटणावर चिठ्ठी लावावी लागते, तिथे सोय कुणाची झाली हा प्रश्नच आहे. बल्ब साधा ठेवा आणि बटणामागे बसणारा स्मार्ट स्विच घ्या, तोही माहितगार वायरमनकडून बसवून. म्हणजे आई बटण दाबेल, मुलगी बोलेल, दोन्हींनी दिवा लागेल. इंटरनेट गेलं तरी अंधार होणार नाही. ते जातंच. डिसेंबर २०२१ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत बिघाड झाला, तेव्हा अनेक घरांतल्या अलेक्सा मुक्या झाल्या होत्या. कंपन्याही कायम राहतात असं नाही. २०१६ साली रिव्हॉल्व नावाचा हब, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र जोडणारी डबी, बंद करण्यात आला आणि लोकांच्या हातात एक निरुपयोगी डबी उरली. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर काही न कळवता बंद पडले. शेवटी काही ग्राहकांनीच मिळून ती कंपनी घेतली, पण तसा उत्साह सगळ्यांकडे नसतो. नवीन वस्तू घेताना ती ‘मॅटर’ या सामायिक मानकावर चालते का ते बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या या मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं घरच्या नेटवर्कवरच एकमेकांशी बोलू शकतात. तुमच्यासारख्या खटपट्या माणसाने ‘होम असिस्टंट’ ही मुक्त प्रणालीही बघावी. घरातल्याच एका छोट्या संगणकावर ती चालते आणि आवाज बाहेर न पाठवताही हुकूम ओळखू शकते. आईला सांगायला तेवढं तरी हातात असेल.

हीटर आवाजावरून काढा. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. १० अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर तो रोज बराच वेळ चालवणं म्हणजे प्लगला मर्यादेच्या टोकावर ठेवणं. ३००० वॅटचा असेल तर मर्यादा ओलांडलीच. त्याला योग्य क्षमतेचा टायमर लावा. एकूणच, चुकून चालू झाल्यावर ज्यातून आग, पाणी किंवा चोरी उद्भवू शकते, ती वस्तू आवाजाच्या हवाली करायची नाही. बाहेरच्या दाराचं कुलूप त्यातच आलं.

आणि जिथे बोलायचीच गरज नाही, तिथे बोलायला लावू नका. रात्री आई उठली की पावलांसरशी मंद दिवा लागावा, यासाठी हालचाल ओळखणारा साधा सेन्सर पुरतो. त्याला इंटरनेट लागत नाही, हुकूम लागत नाही, कुणाची झोप मोडत नाही. तुमच्या सगळ्या यंत्रणेतून एकच गोष्ट ठेवायची झाली, तर मी ही ठेवेन, आणि ती तुमच्या यादीत नाहीये.

हे झालं भिंतींचं. वाट्याचं काय? सगळ्या घोषणा बंद करा. ज्या आठवणी उरवायच्या असतील, त्या तुमच्या एकट्याच्या फोनवर घ्या. मग बायकोशी बसा, पण फायदे सांगायला नव्हे. ‘मी काय मदत करू’ असंही विचारू नका, कारण मदत काय करायची ते शोधून देणं हे पुन्हा तिचंच काम होतं. तिला विचारा की आत्ता तिच्या डोक्यात काय काय चालू आहे. मध्ये बोलू नका, लिहून घ्या. यादी लांब असेल. त्यातली दोन किंवा तीन कामं मुळापासून शेवटापर्यंत तुमची करा. कपडे घेतलेत तर मळके गोळा करण्यापासून घडी कपाटात जाईपर्यंत, आणि धुण्याची पावडर संपत आलीय हे ओळखण्यापर्यंत तुमचं. शाळा घेतलीत तर शाळेचे निरोप तुमच्या फोनवर येऊ द्या, वेळापत्रक बदललं की तुम्हाला आधी कळू द्या, आणि चुकलं तर शाळेत उत्तर तुम्ही द्या. ते काम कसं करायचं ते तुमच्या पद्धतीवर. यंत्र वापरा, कागद वापरा, भिंतीवर खडूने लिहा. तिने एकच करायचं: लक्ष ठेवायचं नाही. तिला ते सुरुवातीला जमणार नाही, आणि तुमच्या हातून एक-दोनदा गोंधळही होईल. अशा वेळी ती धावून आली तर सगळं पुन्हा जुन्या जागी जाईल. हे तिलाही वाचायला द्या.

यंत्रं पंधरा दिवस बंद ठेवून बघण्यासारखं आहे. त्या काळात कुणाला कशाची खरोखर आठवण आली, ते ज्याने त्याने सांगायचं, आणि तेवढंच परत लावायचं. काय परत येईल आणि कुठल्या खोलीत, यात आईचं आणि बायकोचं मत तुमच्या मताइतकंच धरा. स्वतःच्या खोलीपुरता आईचा शब्द अखेरचा. परत लावताना दिव्यांची नावं घरात ज्या नावाने खोल्या ओळखल्या जातात त्याच नावांनी ठेवा. तुम्ही ॲपमध्ये ठेवलेली इंग्रजी नावं आईने का पाठ करावीत?

वर्षभराची मेहनत फुकट गेली का, असं तुम्ही विचारलंय. वायरिंग, सेन्सर, नेटवर्क हे सगळं तुम्हाला आता येतं, ते कुठे जात नाही. त्या सुट्ट्यांमध्ये घरातलं बाकी काम कुणी केलं, हा हिशेब तुमच्या बायकोने बहुधा मांडलेला असेल. ती बोलली तर ऐकून घ्या, खुलासा देऊ नका.

ज्यांच्या घरी चित्र याच्या उलटं आहे, म्हणजे यंत्रं दुसऱ्याने बसवलीत आणि तुम्ही त्यांत राहताय, त्यांच्यासाठी दोन शब्द. मुख्य खातं कुणाच्या नावावर आहे, तुम्हाला त्यात बदल करायचा अधिकार आहे का, ध्वनिमुद्रण आणि कॅमेरे कोण बघू शकतं, हे माहीत करून घेणं हा संशयीपणा नाही. घरात दोन मोठी माणसं असतील तर दोघांकडे सारखे अधिकार असावेत. ज्या घरात धाक आहे, तिथे याच सोयी पाळत ठेवायला वापरल्या गेल्याची उदाहरणं आहेत. तुमचं तसं असेल तर सेटिंग एकदम बदलायला जाऊ नका, कारण बदल केल्याचं समोरच्याला ॲपवर लगेच दिसू शकतं. आधी घराबाहेरच्या, त्या खात्याशी न जोडलेल्या फोनवरून विश्वासातल्या माणसाशी किंवा महिला साहाय्य केंद्राशी बोला. आणि वेगळे होताना किंवा घर सोडताना वस्तूंबरोबर खात्यांचीही वाटणी करा: जुन्या खात्यातून स्वतःचा आवाज, फोन आणि पत्ता काढून टाका, राउटरचा पासवर्ड बदला आणि सोबत नेलेला प्रत्येक स्पीकर मूळ स्थितीला आणूनच नव्याने जोडा.